अर्ध्या किलोचा हिशोब

आमच्या घरात रेसकोर्सचं नाव काढायचं नसतं. आजीच्या काळी चाळीतल्या कुणी खोली विकली तर कारण विचारायची पद्धतच नव्हती. नुसतं 'घोडे' म्हटलं की बायका पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या. अशा घरातला मी, बँकेत एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची कर्जं तपासलेला माणूस, जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी महालक्ष्मी स्टेशनवर उतरलो, ते मामांमुळे.

मामा शहात्तर वर्षांचे. गिरणीत टाइमकीपर होते. त्यांना घोड्यांचा नाद नाही, अभ्यास आहे. (हे वाक्य त्यांचंच.) 1996 साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तेव्हा मामांनी पेपरचं कात्रण मामीला वाचून दाखवलं होतं. मामी म्हणाली, "बरं झालं. आता वाण्याचं बिलही कोर्टालाच पाठवा."

निघताना मामीने मामांच्या हातात कापडी पिशवी दिली. "येताना दादरला अर्धा किलो मटार आणा. घोडे हरोत नाहीतर जिंकोत."

त्या दिवशी एक मोठी हँडिकॅप शर्यत होती, सोळाशे मीटरची. हँडिकॅप म्हणजे काय, हे मामांनी लोकलच्या दारात उभं राहून मला समजावलं. प्रत्येक घोड्याला एक रेटिंग असतं. जिंकला की वाढतं, हरत राहिला की उतरतं. रेटिंगच्या एका आकड्याला अर्धा किलो, या हिशोबाने पाठीवर वजन चढतं. जॉकी हलका असेल तर उरलेलं वजन शिशाचे तुकडे घालून भरतात. हुशार घोड्यावर 60 किलो, तर शेवटच्या मठ्ठावर 50. हेतू असा की सगळ्या घोड्यांनी शेवटच्या खांबापाशी एकदमच पोचावं.

"म्हणजे जो चांगला पळतो त्याच्यावर जास्त ओझं?" मी विचारलं.

"बरोबर."

"आमच्या बँकेत हेच आहे. फक्त शिसं दिसत नाही."

घोडी मेली ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, ही म्हण ज्या कुणाला सुचली त्याने नक्की एखादा सीझन महालक्ष्मीला काढला असणार.

डर्बीचं तसं नाही. 1943 पासून इथेच होणाऱ्या इंडियन डर्बीत वजनं आधीच ठरलेली असतात, घोडीला तेवढी थोडी सूट. त्यामुळे जो चांगला तो जिंकतो, असं निदान समजायला जागा असते. हँडिकॅपमध्ये ती जागाच ठेवलेली नाही. तिथे हँडिकॅपर नावाचा एक माणूस पगार घेऊन वर्षभर एकच काम करतो: कुठला घोडा जिंकेल हे कुणालाच सांगता येऊ नये. आणि ते सांगण्यासाठी आम्ही दोघं चष्मे पुसून, पेन्सिलीला टोक काढून बसलो होतो.

चौदा घोडे होते. एक नंबर सर्वांत वजनदार, चौदा नंबर सर्वांत हलका. मी ठरवलं, कर्जाचे अर्ज तपासतो तसे तपासायचे. कोण परतफेड करेल हे कधीच कळत नाही, पण कोण बुडवेल हे वासावरून कळतं. म्हणून एकेकाला बाद करत जायचं.

एक नंबर, 60 किलो. फेव्हरिट. मागच्या दोन शर्यती लागोपाठ जिंकलेला, म्हणून तर पाठीवर एवढं. त्याला बाद केलं. दोन नंबर पुण्याच्या सीझनला जिंकला होता, पण ते पावसाळ्यातलं मऊ मैदान आणि इथे मैदान घट्ट. "पुण्याचं इथे चालत नाही," मामा म्हणाले. हे त्यांनी फक्त घोड्यांबद्दल म्हटलं असेल असं वाटत नाही. तीन नंबर आजवर चौदाशेच्या पुढे पळालाच नव्हता. चार नंबरला बाहेरचं गेट मिळालं होतं. पाच नंबर, 57 किलो, याच्यात काहीच खोट सापडेना. हीच त्याची खोट, असं मी ठरवलं. बँकेत ज्याचे सगळे कागद पहिल्या खेपेलाच पूर्ण असतात, त्या माणसाला आम्ही दोनदा बघतो.

सहाच्या डोळ्यांना पहिल्यांदाच झापडं लावली होती. "म्हणजे ट्रेनर हताश झालाय," मामा. पुढे नवाची झापडं पहिल्यांदाच काढली होती, तेव्हा मामा म्हणाले, "ट्रेनर हताश झालाय." मी दोन्ही लिहून घेतलं.

खाली खाली येत गेलो तसे घोडे हलके होत गेले आणि कारणंही. अकरावर शिकाऊ जॉकी, म्हणून वजनात आणखी सूट. पण सूट का, तर अनुभव नाही म्हणून. बाराला मी केवळ नावावरून खोडलं. याला मामांनी जोरदार हरकत घेतली. सत्तरच्या दशकात इथे स्क्वॉन्डरर नावाचा घोडा होता, मोठमोठ्या शर्यती मारायचा. त्याच्या नावाचा अर्थ मराठीत उधळ्या. उधळणाऱ्या घोड्यावर पैसे लावू नयेत असं म्हणणारे उधळे ठरले आणि लावणारे शहाणे. "नावात काही नसतं," मामा म्हणाले. आमच्या घरात त्या नावाचा अर्थ मात्र सगळ्यांना माहीत होता.

चौदाव्यापर्यंत आलो तेव्हा शर्यतीच्या छापील पुस्तकावर चौदा फुल्या होत्या.

"घोडा बघितल्याशिवाय काय कळणार?" असं म्हणत मामांनी मला पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या रिंगणाच्या, कठड्याशी नेलं. इथे मात्र मी जरा गप्प झालो. टीव्हीवर घोडा म्हणजे एक ठिपका असतो. इथे तो हाताच्या अंतरावरून जातो. सात नंबरची घोडी आली. कुमैत रंग, कपाळावर चांदणी, मानेवर शिरांचं जाळं उठलेलं, अंगावर उन्हाची लकाकी आणि मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस. मोतद्दार तिच्या कानाशी सारखं काहीतरी पुटपुटत होता. तिने जाता जाता माझ्याकडे एक डोळा वळवला. माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई बघायच्या तसा.

"फेस आलाय. घाबरलीय, ताकद इथेच संपली," मामा म्हणाले.

शेजारी उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "फेस आलाय. एकदम तयार आहे." त्याच्याही कानावर पेन्सिल होती.

मी चारही पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा शोधत होतो. तो शुभ असतो असं आजोबा सांगायचे. मामा वैतागले. "हे काय नकुलासारखं चाललंय?" खरं म्हणजे पांडवांत ज्याला घोडे कळायचे तो कधी पैज लावायला बसला नाही, आणि जो बसला त्याला फासेही कळत नव्हते. हे मी मनात म्हटलं. मामांना त्यातला कोण व्हायला आवडलं असतं, हे मला ठाऊक होतं.

इतक्यात घोडे मैदानावर गेले आणि मी टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या खिडकीच्या, रांगेत. खिशात दोनशे रुपये, डोक्यात चौदा फुल्या. रांगेत प्रत्येकाकडे छापील पुस्तक होतं आणि प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. पुढचा माणूस म्हणत होता, रेसवरचा जीएसटी 28चा 40 टक्के झाला, आता सरकारच खरा फेव्हरिट आहे. त्याच्यावर मात्र कुणी वजन चढवत नाही.

खिडकीशी पोचलो. "बोला नंबर," आतला माणूस म्हणाला.

माझ्या तोंडातून निघालं, "सत्तावन्न."

"साहेब, चौदाच घोडे आहेत."

मागून आवाज आला, "ओ काका, गेटात घोडे शिरले! लवकर बोला!"

57 किलो कुणाच्या पाठीवर होते ते मला एवढंच आठवलं. "पाच! पाच नंबर, प्लेस." प्लेस म्हणजे पहिल्या तिघांत आला तरी पैसे. तिकीट हातात पडलं आणि घंटा झाली. ज्याच्यात खोट सापडली नव्हती त्याच्यावरच माझे पैसे लागले होते, तेही चुकीचा आकडा बोलल्यामुळे.

शर्यत दीड मिनिटाहून थोडी जास्त चालली असेल. मी कठड्यापाशी पोचलो तेव्हा सगळे रंगीत सदरे एकाच गाठोड्यात होते. मग ते गाठोडं सुटलं आणि पाच नंबर बाहेरून येऊ लागला. मी ओरडलो. एकोणतीस वर्षांत मी काउंटरवरसुद्धा एवढा ओरडलो नव्हतो. शेवटच्या खांबापाशी चार घोडे असे गेले की हँडिकॅपरला पगारवाढ द्यायला हरकत नव्हती. फोटो काढला गेला. पाच नंबर शॉर्ट हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याहूनही कमी अंतराने, चौथा. प्लेसचे पैसे तिघांनाच.

सात नंबरची घोडी? अकरावी. पॅडॉकमधला तो गृहस्थ मला पुन्हा दिसला. कानावर पेन्सिल नव्हती.

मामा मात्र खूश होते. पुस्तकात काहीतरी लिहीत म्हणाले, "उत्तम झालं. चौथा आला, म्हणजे वजन काही वाढणार नाही. पुढच्या वेळी याच वजनावर येईल. आज अर्धा किलो कमी असतं ना, तर आला होता तिसरा!"

"अर्ध्या किलोने एवढा फरक पडतो?"

मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. दादरला उतरून त्यांनी मटार घेतला. भाजीवाल्याने वर दोन शेंगा टाकल्या, तर मामांनी त्या काढून परत दिल्या, काटा बघितला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

चाळीचा लाकडी जिना तीन मजल्यांचा. मामा म्हणाले, "धर. आता चढ."

दुसऱ्या मजल्यावर मी कठड्याला टेकलो. मामा रिकाम्या हातांनी, शहात्तराव्या वर्षी, साधारण दीड घोड्याच्या लांबीने पुढे निघून गेले.