गुरांच्या बाजारातले रणगाडे

भाच्यानं परवा घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. जुना, धुरकट. भर रस्त्यात रणगाडा आणि भोवती टोप्या घातलेल्या बघ्यांची ही गर्दी. खाली त्याचा शेरा: ‘ग्लासगो, 1919. संप असा मोडतात. मामा, तुझ्याच गावातला आहे.’

विषय निघाला होता बारा तासांचा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर हे गुऱ्हाळ चालू आहे. युनियनवाले संप करतील, असं कुणीतरी म्हणालं. चाकणला सुपरवायझर असलेला भाचा उसळला. एसटीच्या लांबलेल्या संपात, 2021-22 च्या हिवाळ्यात, त्यानं बरंच सोसलंय. ‘संपबंदीचा मेस्माबिस्मा कशाला? मिलिटरी उभी करा. तिकडे असंच करतात.’

‘तिकडे’ म्हणजे मी राहतो तिथे, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत. म्हणून उत्तर देणं मला भाग होतं.

पहिली गोष्ट, तो फोटो संपाचा नाहीच. तो 1918 चा आहे, महायुद्ध चालू असतानाचा. युद्धासाठी लोकांकडून पैसे उभे करायला सरकार गावोगावी रणगाडा फिरवत असे, त्या मोहिमेतला. गर्दी गंमत बघायला जमली आहे. पण इथलेही कितीतरी लोक तो संपाचा म्हणूनच दाखवतात, तेव्हा एकट्या भाच्याला काय बोलणार.

खरी हकिकत अशी. महायुद्ध संपलं होतं, सैनिक घरी परतत होते, आणि क्लाइड नदीकाठच्या गोद्या आणि इंजिनीअरिंग कारखान्यांत त्यांना द्यायला काम नव्हतं. आठवडा नुकताच 54 तासांवरून 47 वर आला होता. कामगार म्हणाले, 40 करा, म्हणजे उरलेल्या तासांत परतलेल्या पोरांना काम मिळेल. सैनिकांच्या पोटासाठी सुरू झालेला हा संप. 27 जानेवारी 1919 ला सुरू झाला आणि शुक्रवारी, 31 तारखेला, हजारो माणसं जॉर्ज स्क्वेअरमध्ये जमली. नगरपालिकेच्या इमारतीत त्यांचं शिष्टमंडळ सरकारच्या उत्तराची वाट बघत बसलं होतं. बाहेर ट्राम अडल्या आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. शेरीफ, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर आणि न्यायाधीश यांच्या मधला अधिकारी, जमावाला पांगायला सांगणारा दंगलीचा कायदा वाचायला उभा राहिला, तर कुणीतरी त्याच्या हातातला कागदच हिसकावून घेतला. डेव्हिड कर्कवुड हा पुढारी इमारतीतून बाहेर आला आणि त्याच्या डोक्यात मागून लाठी बसली. नेमका त्याच क्षणी कुणीतरी फोटो काढला. पुढे खटल्यात तो सुटला तो त्या फोटोमुळे.

लष्कर आलं त्या रात्री, म्हणजे मारामारी होऊन गेल्यावर. सहा रणगाडे आले सोमवारी, आणि ते गुरांच्या बाजारात नेऊन ठेवले. ते तिथेच राहिले. सैनिकांनी एक गोळी झाडली नाही. चर्चिलनं फौज पाठवली, स्कॉटिश पोरांवर भरवसा नव्हता म्हणून त्यांना बराकीत कोंडून इंग्रज पलटणी आणल्या, अशा गोष्टी इथे पबमध्ये अजून ऐकायला मिळतात. कागदपत्रं वेगळं सांगतात. फौज मागवली शेरीफनं, आणि आलेल्या पलटणींत स्कॉटिश पुष्कळ होत्या. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात मात्र स्कॉटलंडचे मंत्री रॉबर्ट मन्रो याला बोल्शेविक उठाव म्हणत होते. रशियातल्या क्रांतीला दीड वर्षही झालं नव्हतं, सगळेच धास्तावलेले.

संपवाले काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. आठवडाभर आधी, 23 जानेवारीला, इथल्या बंदरावर काळ्या खलाशांना मारहाण झाली. त्याच्या थोडं आधी तिथल्या खलाशांपुढे परदेशी स्वस्त मजुरांविरुद्ध भाषण ठोकणारा मॅनी शिनवेल हाच चाळीस तासांच्या संपाचा एक म्होरक्या. संपानंतर त्याला पाच महिन्यांची कैद झाली. पुढे 1950 मध्ये हाच गृहस्थ ब्रिटनचा संरक्षणमंत्री झाला! मी इथे उपरा आहे, तेव्हा त्याच्या चौकातल्या शौर्याचं कौतुक वाचताना मला बंदरावरचं ते भाषण आठवतंच.

आता आमच्याकडचं. 18 ऑगस्ट 1982. मुंबईत पोलिसांनीच संप केला आणि लष्कर रस्त्यावर आलं. मी सात वर्षांचा, परळच्या चाळीत. गिरणी संपाला त्या दिवशी बरोबर सात महिने झाले होते, बाबा तेव्हापासून घरीच. दगडफेक, लुटालूट, गोळीबार, सगळं कानांवर येत होतं, आम्ही दारं लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी नाक्यावर हिरवा ट्रक उभा राहिला. त्यातला एक जवान, मिसरूड नुकतं फुटलेला, आमच्या जिन्यापाशी आला आणि खिशातून आंतरदेशीय पत्र काढून मला म्हणाला, ‘बेटा, ये डाल दोगे?’ लाल पेटी समोरच होती, पण त्याला जागा सोडायची मुभा नसावी. मी बाबांकडे बघितलं. ‘टाक,’ ते म्हणाले, ‘त्याचा काय दोष.’

त्या वेळी लष्कर बोलावलं नसतं तर दुसरं कोण येणार होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पोलीसच घरी बसल्यावर शहर कुणी सांभाळायचं? लष्कर कधीच येऊ नये असं म्हणणारा मी नाही. पण पोलिसांना त्या थराला कशानं नेलं, त्यांची ड्यूटी किती तासांची होती, घरं कशी होती, हे आज कुणाला विचारा. ‘मिलिटरी आली होती’ एवढंच आठवतं. माझंही तसंच, मला ते पत्र आठवतं. ग्लासगोतही तसंच झालं. कामगार आठवड्या-दोन आठवड्यांत 47 तासांवरच कामाला परतले, आणि शंभर वर्षं भांडण चाललंय ते रणगाडे कुणी पाठवले याचं. तासांचं कुणी बोलत नाही.

‘तिकडे असंच करतात’ यावर एक पुरवणी. 1975 मध्ये ग्लासगोत कचऱ्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर संपावर गेले तेव्हा पुन्हा सैनिक आले, या खेपेला फावडी घेऊन. कचऱ्याचे ढीग उपसले आणि गेले. 2025 मध्ये बर्मिंगहॅमचा कचरा संप लांबला, उंदीर झाले, तेव्हा सरकारनं लष्कराचे मोजके नियोजन अधिकारी दिले आणि लगेच खुलासा केला की सैनिक कचरा उचलणार नाहीत. एवढ्यावरही इथे टीका झाली. लष्कराचं नाव काढताना इथलं सरकार आता दहादा विचार करतं, ते मला बरं वाटतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा लांबलंच. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग भाच्याचा मेसेज आला: ‘मामा, तुमच्या ऑफिसात आठवड्याला किती तास?’

‘साडेसदतीस.’

दोन निळ्या खुणा आल्या. मग ताईनं गणपतीचा फोटो टाकला.