मेंदूचा रंगीत नकाशा आणि त्यावरच्या पाट्या

एक चित्र गेली कित्येक वर्षं या फोनवरून त्या फोनवर फिरतं आहे. मेंदूची बाजूने दिसणारी आकृती, तिच्यावर सहा भडक रंग आणि प्रत्येक रंगावर एकेक पाटी: भाषा, स्मृती, भीती, तोल, दृष्टी, बुद्धी. खाली मजकूर साधारण असा: 'मेंदूचा प्रत्येक भाग एकच ठरलेलं काम करतो. डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा. स्कॅनमध्ये तो तो भाग पेटलेला दिसतो, हाच पुरावा. भाग निकामी झाला की काम कायमचं गेलं. आणि एवढं असून आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो. उरलेला जागा करायचा तर रोज डाव्या हाताने लिहा.' शेवटी अर्थातच 'विज्ञानाने सिद्ध झालेले'.

सगळं थोतांड आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर हे लिहावंच लागलं नसतं. पंचाईत अशी की यातलं बरंचसं खऱ्याला चिकटून उभं आहे. मेंदूत कामाची वाटणी आहेच. प्रश्न पाट्यांचा आहे. माझं म्हणणं एवढंच की पाटीवरचा शब्द जितका मोठा, तितकी ती पाटी खोटी. 'अंगठा हलवणं' अशी पाटी लावलीत तर जागा बऱ्यापैकी अचूक दाखवता येते. 'बुद्धी' अशी लावलीत तर ती कुठेही लावा, सारखीच चुकीची.

पहिला दावा सगळ्यात वजनदार, म्हणून त्यालाच जास्त वेळ देतो. 'प्रत्येक भाग एकच ठरलेलं काम करतो', आणि त्याचं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे भाषा. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकासमोर आला. वीसेक वर्षं तो तिथेच होता. काहीही विचारा, उत्तर एकच: 'तां, तां'. समोरच्याचं बोलणं त्याला बऱ्यापैकी कळायचं. उजवी बाजू लुळी पडलेली, म्हणून डाव्या हाताने खाणाखुणा करायचा. त्या समजल्या नाहीत तर संतापायचा, आणि मग त्या तोंडून एक शिवी मात्र अख्खी बाहेर पडायची. काही दिवसांतच तो गेला. ब्रोकाने मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात ऊतींची पोकळी झालेली. तेव्हापासून त्या जागेला 'ब्रोकाचा भाग' म्हणतात, आणि तिथे 'भाषा' ही पाटी लागली ती लागलीच.

ब्रोकाने एक मोठं शहाणपण केलं. त्याने तो मेंदू चिरला नाही, जसाच्या तसा जतन करून ठेवला. त्यामुळे २००७ साली, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, त्याचा एमआरआय काढता आला. इजा वरून दिसत होती तेवढीच नव्हती. ती खूप आत गेलेली होती आणि मेंदूच्या पुढच्या व मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचे जुडगेच तुटलेले होते. नुसता ब्रोकाचा भाग दुखावलेल्या अनेक रुग्णांची वाचा काही आठवड्यांत बरीचशी परत येते, हेही डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. वायर कापली की दिवा जातो. म्हणून उजेड वायरीत राहतो असं कोणी म्हणत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसं म्हणतो.

आणि ती शिवी? तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही, पण पाटीला खरा सुरुंग तीच लावते. वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेने बोलणं गेलेल्या, कितीतरी माणसांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, एक ते दहा आकडे ओळीने म्हणता येतात. तोंड तेच, जीभ तीच, शब्दही कधीकधी तेच. ठरवून बोलणं आणि आपोआप ओठांवर येणं यांचे रस्ते वेगळे. मग 'भाषा' ही पाटी नेमकी यातल्या कशाची?

'स्मृती' या पाटीची गोष्ट आणखी पुढची. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचे अपस्माराचे, म्हणजे फिटचे, झटके थांबावेत म्हणून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतल्या बाजूचा एक छोटा भाग) आणि आसपासचा भाग शस्त्रक्रियेने काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण धरून ठेवणं संपलं. तुम्ही खोलीबाहेर जाऊन परत आलात की तुमची पुन्हा नव्याने ओळख. इथवर चित्र बरोबर. पण लहानपणच्या गोष्टी त्याला आठवत होत्या, म्हणजे जुनी स्मृती त्या काढलेल्या तुकड्यात साठवलेली नव्हती. मग मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं: हात झाकलेला, समोर आरसा, आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल न्यायची. कोणाचीही पहिल्यांदा फजिती होते, त्याचीही झाली. तीन दिवसांत मात्र त्याचा हात सफाईने चालायला लागला. हे आपण पूर्वी कधी केलंय का, हे त्याला तिसऱ्या दिवशीही सांगता येत नव्हतं. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. एका पाटीवर 'स्मृती' लिहून हे कसं मावणार? बरं, त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये आपण कुठे उभे आहोत त्याप्रमाणे चेतणाऱ्या पेशी सापडल्या, १९७१ मध्ये, आणि त्या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं. चित्र काढणाऱ्याने 'रस्ता' अशी पाटी लावली असती तरी चाललं असतं.

'भीती' म्हणजे अमिग्डाला, मेंदूत खोलवर दोन्ही बाजूंना असलेला बदामाएवढा भाग, हेही असंच. एक स्त्री वैद्यकीय लेखनात फक्त आद्याक्षरांनी ओळखली जाते. आजारामुळे तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झालेले. साप, कोळी, भयपट, कशानेच ती घाबरायची नाही. पाटी पक्की झाल्यासारखी वाटली. मग २०१३ मध्ये तिला आणि अशाच आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगवली. तिघींचीही घबराटीने गाळण उडाली. बाहेरून दिसणारा धोका एका वाटेने येतो, शरीराच्या आतून येणारा दुसऱ्या, आणि अमिग्डाला नसला तरी दुसरी वाट उघडीच असते.

डोक्यात मागे, खाली असलेल्या लहान मेंदूवरच्या 'तोल' या पाटीबद्दल फार बोलत नाही. माणसाच्या मेंदूत अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. एवढं मनुष्यबळ फक्त पडू नये म्हणून ठेवलंय, हे ऐकायलाही विचित्र वाटतं. बोलण्याची लय, बोटांच्या हालचालींचं वेळापत्रक, अगदी विचारांची जुळणी, हे सगळं तिथल्या इजेने बिघडू शकतं.

आता उलट बाजूही सांगायला हवी. पाटी लहान केली की नकाशा थक्क करण्याइतका खरा ठरतो. एका स्त्रीची तपासणी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे इजा झाल्यावर तिची फक्त गती पाहण्याची शक्ती गेली. रंग दिसत, आकार दिसत, चेहरे दिसत. पण कपात चहा ओतताना धार तिला गोठलेली दिसायची, हिमनदीसारखी. कपातली पातळी चढताना दिसत नसे, त्यामुळे थांबायचं कधी ते कळत नसे. रस्ता ओलांडताना गाडी आधी लांब, आणि पुढच्या क्षणी एकदम अंगावर. मधलं येणं गायब. 'दृष्टी' नावाची एक खोली नाही, पण गती बघणारा कोपरा आहे.

डावा-उजवा हा दावा सगळ्यात लाडका, कारण त्यात स्वतःचं राशिभविष्य वाचल्याचा आनंद मिळतो. मूळ गोष्ट खरी आहे. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्यांना, म्हणजे दोन गोलार्धांना, जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पूल असतो. काही रुग्णांमध्ये अपस्मारावर उपाय म्हणून तो कापला गेला आणि मेंदूसंशोधक रॉजर स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसांना पडद्यासमोर बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर, आणि ठिपक्याच्या डावीकडे निमिषभर एक शब्द: चमचा. (डावीकडचं दृश्य उजव्या गोलार्धाकडे जातं. डाव्या डोळ्याचं नव्हे. दोन्ही डोळ्यांतलं डावीकडचं. अशा चित्रांत इथेही चूक असते.) काय दिसलं, असं विचारल्यावर माणूस म्हणतो, काहीच नाही. बोलणारा डावा गोलार्ध, त्याला शब्द पोचलेलाच नाही. आणि पडद्याआडच्या वस्तूंमधून त्याचा डावा हात, जो उजवा गोलार्ध चालवतो, चाचपत चाचपत चमचा उचलतो. या कामाबद्दल स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं.

पण हे पूल कापलेल्या माणसांचं झालं. तुमचा-माझा पूल शाबूत आहे आणि त्यावरून अहोरात्र वाहतूक चालू आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा मुख्यतः डावीकडे असते, हे बरोबर. म्हणून डावं ते रुक्ष आणि उजवं ते रसिक, हे कुठून आलं? वाक्यातला उपरोध, बोलण्याचा सूर, 'वा, छान!' हे कौतुक की टोमणा, यात उजव्या गोलार्धाचा मोठा हात असतो; म्हणजे भाषाही एकट्या डावीकडची नाही. संख्यांचा अंदाज घेताना दोन्हीकडचे भाग काम करतात, गाणं ऐकताना दोन्हीकडचे. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०११ जणांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. काही कामं डावीकडे झुकलेली, काही उजवीकडे, हे दिसलं. पण एखाद्या माणसाचा अख्खा मेंदूच डावा किंवा उजवा असल्याचं काही दिसलं नाही.

आणि याच दाव्यासोबत इंटरनेटवर फिरणारं ते हलतं चित्र, गिरकी घेणाऱ्या नर्तकीची सावली! उजवीकडे फिरताना दिसली तर तुम्ही म्हणे कलावंत. सावलीत पुढे काय नि मागे काय हे कळायला काही खूणच नसते, म्हणून मेंदू एक दिशा धरून चालतो आणि मधेच बदलतो. पायाकडे टक लावून पाहा, बहुतेकांना ती कधी ना कधी उलटी फिरताना दिसते. त्या क्षणी तुम्ही कलावंताचे हिशेबनीस झालात असं समजायचं का?

'स्कॅनमध्ये पेटलेला दिसतो' याबद्दल. काही पेटत नाही. एफएमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूचा स्कॅन, रक्तातल्या ऑक्सिजनचे बारीक बदल टिपतो. एका कामाच्या वेळचं चित्र आणि दुसऱ्या कामाच्या वेळचं चित्र यांची वजाबाकी होते आणि फरक ठरावीक रेषेपलीकडे गेला की संगणक तिथे लाल-पिवळा रंग भरतो. न रंगवलेला भाग झोपलेला नसतो, दोन्ही वेळी सारखाच कामात असतो. रेषा चुकीची आखली तर काय होतं, हे २००९ मध्ये काही संशोधकांनी मजेत दाखवलं: स्कॅनरमध्ये एक मेलेला सॅमन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि आकडेमोडीतली एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम गाळली. माशाच्या मेंदूत ठिपका उमटला. स्कॅन खोटे असतात असा याचा अर्थ मी तरी काढत नाही. पण 'रंग दिसला म्हणजे पुरावा' म्हणणाऱ्याला हा मासा दाखवावा.

१० टक्क्यांवर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा साधारण २ टक्के आणि ऊर्जेच्या खर्चात सुमारे २० टक्के. नऊ दशांश भाग रिकामा ठेवून शरीर एवढा खर्च कशाला सोसेल? सगळ्या पेशी एकाच वेळी चेतत नाहीत हे खरं, आणि तेच बरं आहे: मोठ्या भागातल्या पेशी एका तालात भरमसाट चेतू लागल्या की त्याला फिट म्हणतात. डाव्या हाताने रोज लिहिलंत तर काय होईल? डाव्या हाताचं अक्षर सुधारेल.

राहिला 'भाग गेला की काम कायमचं गेलं' हा दावा. मला यातला हाच सगळ्यात घातक वाटतो, कारण तो वाचणाऱ्याच्या घरात कधीकधी पक्षाघाताचा रुग्ण असतो आणि नातेवाईक व्यायाम, वाचा-उपचार सोडून देतात. बोलणं, चालणं पुष्कळदा परत येतं. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वात वेगाने होते, पुढेही थोडीथोडी चालू राहू शकते. किती, हे इजा कुठे आणि केवढी यावर अवलंबून. सगळ्यांचं सगळं परत येतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं आश्वासन होईल. अगदी लहान वयात, औषधांना न जुमानणाऱ्या झटक्यांमुळे अख्खा डावा गोलार्ध काढलेली किंवा तोडून वेगळा केलेली मुलं आहेत. त्यांतली बरीचशी चालतात, बोलतात. उजव्या हाताची बोटं मात्र पुरती साथ देत नाहीत. इथे पुन्हा तेच: 'बोटं सुटी हलवणं' ही लहान पाटी हट्टी निघाली, 'भाषा' ही मोठी पाटी जागा बदलून बसली.

जागा बदलण्याचं याहून नवल वाटावं असं उदाहरण ब्रेल वाचणाऱ्यांचं आहे. लहानपणापासून अंध असलेल्यांची बोटं ठिपक्यांवरून फिरताना त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, म्हणजे डोळस माणसात दृष्टीचा, कामाला लागतो, हे १९९६ मध्ये दिसलं. तो नुसता हजेरी लावतो की खरंच काम करतो? पुढच्याच वर्षी डोक्यामागून चुंबकीय धक्का देऊन त्याच्या कामात व्यत्यय आणला, तर वाचनात चुका व्हायला लागल्या. आणि २००० साली एका जन्मांध स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. ब्रेल वाचण्यात ती तरबेज होती. पक्षाघाताने तिच्या मेंदूचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी गेला. बोटांचा स्पर्श शाबूत होता, ठिपके जाणवत होते, पण त्यांची अक्षरं होत नव्हती. तिचं वाचन गेलं. ज्या भागात ते होतं, त्यावर चित्रात 'दृष्टी' अशी पाटी आहे.