इंजिन खोललं की किंमत पडते म्हणे. पडू द्या.

गेल्या दोन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी "मॅडम, आवाज वाढायच्या आत गाडी विकून टाका" असा सल्ला दिला, त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते. पोस्ट लांब आहे. शेवटच्या पेशंटने दांडी मारली म्हणून क्लिनिकमध्येच बसून लिहितेय.

गाडी माझी आहे, नवऱ्याची नाही. हे आधी सांगायचं कारण असं की सर्व्हिस सेंटरपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत प्रत्येकाने इंजिनबद्दल त्याच्याशीच चर्चा केली. त्याला गाडीतलं फक्त एसीचं बटण कळतं. २०१७ ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला मीच मला घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की भांडण नावावर होतं आणि गाडी राहते बाजूला. एवढ्या वर्षांत चालली २१,४०० किलोमीटर. नागपुरात लक्ष्मीनगर ते धरमपेठ आणि परत. कधीमधी रविवारी पहाटे वर्धा रोडने शिवमडक्यापर्यंत जाऊन समृद्धी महामार्गावर. (तिथे मर्यादा १२० ची, आणि ही बया ती तिसऱ्या गिअरमध्येच गाठते. म्हणजे एवढ्या ताकदीचं करायचं काय, हा प्रश्न सासूबाईंचा. उत्तर अजून सापडलेलं नाही.)

नोव्हेंबरात थंडी पडली आणि एका सकाळी स्टार्ट केल्याबरोबर बोनेटखालून खडखड. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. दोन सेकंद, मग गप्प. आठवडाभरात दोनाची चार सेकंदं झाली. शिवाय इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना एक बारीक टिकटिक यायची, पण ती पहिल्या दिवसापासूनची.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दोन दिवस ठेवून घेतली. कागद हातात आला तेव्हा त्यावर 'इंजिन असेंब्ली', म्हणजे अख्खं इंजिनच नवं, आणि सव्वासहा लाख. वॉरंटी वर्षांवर संपलेली, किलोमीटर कितीही कमी असोत. इन्शुरन्स झिजेचे पैसे देत नाही. कंपनी थोडा वाटा उचलेल का म्हणून विचारलं, तर त्यांनी माझा सर्व्हिस रेकॉर्ड उघडून माझ्यासमोर फिरवला. आणि तिथे मी गप्प बसले. साडेचार वर्षांत ऑइल एकदाच बदललेलं होतं.

माझा हिशेब सरळ होता: दहा हजार झाले की ऑइल. दहा हजार होतच नव्हते! पुस्तकात 'किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं, तो अर्धा भाग मी वाचून सोडून दिला होता. दातांच्या बाबतीत लोकांना दर सहा महिन्यांनी बोलावते मी, आणि ही माझी गत. कमी चालवली म्हणजे जपली, हा गैरसमज माझ्याइतका पक्का कुणाचा नसेल. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही. इंजिनातली वाफ आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जायला जी ऊब लागते ती मिळत नाही, आणि दोन्ही तिथेच साचत राहतात. २१ हजार हा आकडा विकताना कामाचा. इंजिनाला तो आकडा माहीत नसतो.

मग सल्ल्यांचा पूर आला. एकाने सांगितलं, नागपूरचं ऊन आहे, २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल टाका, आवाज बंद. आवाज दबेल, हे खरं. पण खडखड होतेय ती थंड इंजिनात, पहिल्या दोन-चार सेकंदांत, ऑइल वर पोचायच्या आधी. घट्ट ऑइल तेव्हाच सगळ्यात हळू चढतं. दुखरी दाढ तशीच ठेवून वर लवंगेचं तेल लावण्यातला प्रकार. दुसऱ्याने रायपूरचा गिऱ्हाईक आणला, साडेतेरा लाखांना तयार. "दाखवायला न्यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवा, बस." हे तो मला, माझ्याच घरी, माझाच चहा पिताना सांगत होता. मी त्या गिऱ्हाइकाला फोन करून आवाजाचं सांगितलं. तो परत आला नाही. येऊही नये.

आणि सगळ्यांचं पालुपद एकच: "इंजिन खोलू नका. एकदा खोललं की किंमत पडली." जुन्या गाडीच्या बाजारात 'इंजिन खुललेलं नाही' हे वाक्य कुमारिकेसारखं मिरवतात. आतून झिजलेलं, पण न खोललेलं इंजिन चालतं. नीट दुरुस्त केलेलं चालत नाही. मला हा तर्क कधीही समजणार नाही.

शेवटी अमरावती रोडवर वाडीच्या पुढे एका मिस्त्रींकडे गेले. खडखड थंड इंजिनातच होते हे मी फोनवर आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी गाडी रात्री तिथेच ठेवायला लावली. सकाळी साडेसातला पोचले तेव्हा बोनेट उघडं होतं आणि ते लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून उभे. "मारा स्टार्ट." खडखड झाली. टोक इंजिनाच्या चेनकडच्या बाजूला, कव्हरवर टेकवलेलं. बंद केली, तासभर थांबलो, परत तेच, आता टोक खाली, ऑइल साठतं त्या चेंबरपाशी. मग मला म्हणाले, "ऐका तुम्ही." मी ऐकलं. खाली नुसती गुरगुर, वर मात्र साखळी पत्र्यावर आपटल्यासारखा आवाज, कानात अगदी आत.

"ताई, हे खालचं नाही. चेन वाजून राहिली."

खालचं म्हणजे बेअरिंग. ते गेलं असतं तर आवाज जड आला असता, इंजिन तापल्यावर आणि लोड पडल्यावर वाढला असता. आमचा उलटा, थंडीत येणारा आणि तापल्यावर जाणारा. चेन म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सैल चेन गाइडवर, म्हणजे तिच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटते. मग त्यांनी ऑइल फिल्टर कापला, त्याचा कागद पांढऱ्या फडक्यावर उलगडला आणि उन्हात नेला. बेअरिंगचा चुरा तांब्यासारखा चमकतो म्हणे. चमकत काही नव्हतं. काळा गाळ होता, माझ्या आळसाचा. टिकटिक मात्र इंजेक्टरची. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांना ती असतेच. "तिला हात नाही लावायचा," म्हणाले, आणि मला एकदम बरं वाटलं. जे ठीक आहे ते ठीक आहे म्हणून सोडून देणारा माणूस.

मग प्रश्न उरला, करायचं की चालवत राहायचं. दोन-चार सेकंदांची तर खडखड. पण चेन एक-दोन दाते सरकली तर वॉल्व्ह उघडे असताना पिस्टन वर येतो आणि त्यांना वाकवतो. मग हेड (वॉल्व्ह असतात तो इंजिनाचा वरचा भाग), मग खरोखरच सव्वासहा लाखांची गोष्ट. बेअरिंग गेलेलं असतं तर मी कदाचित वेगळा विचार केला असता. चेनच्या बाबतीत थांबणं म्हणजे जुगार, आणि तोही रोज सकाळी.

पार्ट यायला एकोणीस दिवस लागले. चेन, टेन्शनर, तिन्ही गाइड, ऑइल, मजुरी धरून एक लाख अडतीस हजार. हेडला हात लागला नाही. चेंबर खोलायचा आग्रह मिस्त्रींचा होता. मी म्हटलं, कशाला? खोलल्यावर ऑइल ओढून घेणाऱ्या जाळीवर चिकटलेला एक तपकिरी प्लास्टिकचा तुकडा त्यांनी चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा, एक कड काचेसारखी तुटलेली. गाइडचाच. असे आणखी दोन-चार जमले असते तर जाळी तुंबली असती, ऑइल वर गेलंच नसतं, आणि मग बेअरिंगही गेलं असतं. तो तुकडा आता क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये काढलेल्या दातांच्या डबीशेजारी आहे.

"एवढी चांगली गाडी," निघताना ते म्हणाले, "इतकी कमी काऊन चालवता ताई?"

ऑइलची तारीख आता कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे. रविवारी ऑइल नीट तापेस्तोवर समृद्धीवर जाऊन येते. परवा पार्किंगमध्ये शेजारचे काका बोनेटला कान लावून उभे होते. नवऱ्याला म्हणाले, "अजून टिकटिक येऊन राहिली ना, साहेब."

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि एसी सुरू केला.