उलटी जीभ आणि बर्नाबेऊची रात्र

आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या आमच्या फॅन ग्रुपवर मॅचच्या आदल्या दिवशी प्रिव्ह्यू, म्हणजे काय होणार याचा अंदाज, टाकायचं काम माझ्याकडे आहे. पगार नाही, मान नाही, हरलो की जबाबदारी मात्र सगळी माझी. काळ्या जिभेचा माणूस वाईट बोलला तर ते खरं होतं म्हणतात, माझं तसं नाही, मी चांगलं बोललो की ते खोटं होतं, म्हणजे जीभ काळी नाही, उलटी आहे. एप्रिल २०२४ मध्ये म्युनिकच्या मॅचआधी मी लिहिलं की समोरचे बायर्न आता संपलेत, आणि त्यांच्या किमिखने एक हेडर मारून आम्हाला घरी पाठवलं. तेव्हापासून ग्रुप माझ्या प्रत्येक वाक्याकडे मांजर आडवं गेल्यासारखं बघतो.

तर एप्रिल २०२५ मधली गोष्ट. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची क्वार्टर फायनल, दोन मॅचची, म्हणजे दोन लेगची, दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे, समोर रियल माद्रिद, आणि ८ एप्रिलला लंडनमधल्या पहिल्या लेगमध्ये आम्ही त्यांना चक्क ३-० हरवलेलं. आमच्या डेक्लन राइसने, ज्याने अख्ख्या करिअरमध्ये डायरेक्ट फ्री किकवर एक गोल मारला नव्हता त्याने, बारा मिनिटांत दोन मारले. दुसरा तर असा गेला की मी डोंबिवलीत रात्री दोनच्या सुमारास ओरडलो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी आईला फोन करून विचारलं, सगळं बरंय ना?

बरं कुठलं. आठ दिवसांनी तिकडे बर्नाबेऊला, म्हणजे माद्रिदच्या घरच्या मैदानावर जायचं होतं.

लोकांना वाटतं तीन गोलांनी पुढे असणं ही चैन आहे. ज्यांना असं वाटतं त्यांनी आर्सेनल सपोर्ट करून बघावं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूकॅसलला जाऊन हाफटाइमला ४-० पुढे होतो आम्ही. मॅच ४-४ सुटली. मी तेव्हा कॉलेजला होतो आणि हाफटाइमलाच मित्रांना वडापाव खिलवून मोकळा झालो होतो, ते पैसे आजही मनातून वसूल झालेले नाहीत.

आणि माद्रिद म्हणजे तर या बाबतीतलं घराणंच. १९७५ साली डर्बी काउंटीकडून ४-१ हरून आले आणि घरी ५-१ ने जिंकले. १९८४ ला अँडरलेख्टकडून ३-०, म्हणजे आमचाच स्कोअर, आणि घरी ६-१. पुढच्या वर्षी ग्लाडबाखने ५-१ मारलं तर घरी ४-० करून अवे गोलवर, म्हणजे बरोबरी झाली की परक्या मैदानावरचे गोल जास्त धरायचे त्या नियमावर, पुढे गेले. २०२२ ला मँचेस्टर सिटी जवळजवळ फायनलला पोचलेली आणि रॉड्रिगोने नव्वदाव्या आणि एक्याण्णवाव्या मिनिटाला दोन गोल घातले. हे सगळं मला पाठ होतं कारण त्या आठ दिवसांत मी दुसरं काही वाचलंच नाही, ऑफिसात एक्सेल उघडून मागे १९८५ चे हायलाइट्स बघत होतो. स्पॅनिशमध्ये या प्रकाराला रेमोन्तादा म्हणतात. हा शब्द त्या आठवड्यात इतक्यांदा कानावर पडला की आमच्या बाबांनाही पाठ झाला, त्यांना वाटलं एखादा नवा प्लेअर घेतलाय.

"तीननी पुढे आहात ना, मग झोप की." हे बाबांचं प्रिव्ह्यू. त्यांनी एकदाच प्रश्न विचारला, की तिकडे आपण एक मारला तर तो डबल धरतात ना? मी सांगितलं, बाबा, अवे गोलचा नियम २०२१ पासून काढून टाकला. "छान, म्हणजे उपयोगाचा होता तो काढला," म्हणाले आणि पेपर पुढे घेतला. नियमाबद्दल यापेक्षा नेमकं विश्लेषण मी कुठल्या पॉडकास्टवर ऐकलेलं नाही.

आता प्रिव्ह्यू. मंगळवारी रात्री ॲडमिनने हुकूम काढला: तू लिहायचं, माद्रिद ५-० ने जिंकणार. एकही शब्द इकडेतिकडे नाही. 'सेमी फायनल' हा शब्द ग्रुपवर बॅन, त्याला 'पुढचं ते' म्हणायचं. बदलापूरचा एक मेंबर चुकून म्हणाला की सेमीला पॅरिसची पीएसजी किंवा ॲस्टन व्हिला येईल, त्याला तासाभरासाठी काढून टाकला.

मी लिहायला बसलो आणि फसलो. कारण माझी खरी अडचण अशी होती की मला मनापासून वाटत होतं माद्रिद जिंकणार. आमचा डिफेंडर गॅब्रिएलची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेलेली. हावर्ट्झ बाहेर, जेझुस बाहेर, स्ट्रायकर म्हणून मेरिनो, जो मुळात मिडफिल्डर. तिकडे एम्बाप्पे, व्हिनिसियस, बेलिंगहॅम, वर स्टेडियमचं छप्पर बंद करून ऐंशी हजार लोकांचा आवाज आतच कोंडणार. मग मी 'माद्रिद ५-०' लिहिलं तर ते उलटं पडणार की मनातलं उलटं पडणार? म्हणजे वरच्याला ग्रुप दिसतो की मन? मन दिसत असेल तर घाबरणं हेच आपलं योगदान, आणि ते मी चोवीस तास विनामोबदला देत होतो. पण समजा घाबरण्याचा फायदा होतो हे कळल्यावर मला जरा धीर आला, तर तो धीर उलटणार. रात्री एक वाजता बायको म्हणाली, "तू पंख्याकडे बघून काय पुटपुटतोयस?" तिला सांगणार काय.

शेवटी लिहिलं, माद्रिद ५-०. खाली एक ओळ चोरून घातली, की २००६ साली याच मैदानावर ऑन्रीच्या गोलने आपण १-० जिंकलो होतो आणि माद्रिदने आपल्याविरुद्ध अधिकृत मॅचमध्ये आजपर्यंत एकही गोल मारलेला नाही. ॲडमिनने ती ओळ डिलीट करायला लावली.

आणि वेळ बघा. बुधवारी रात्री साडेबारा, म्हणजे गुरुवार. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती! युरोपवाले एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं, पण डोंबिवलीकरांचा विचार यूईएफा कधीच करत नाही.

मॅचचं सांगत बसत नाही, सगळ्यांनी बघितलीय. तेराव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली आणि आमच्या साकाने ती अशी हलकेच मधोमध उचलून दिली की त्यांचा गोलकीपर कोर्त्वाने एका हाताने अडवली. मग त्यांना पेनल्टी दिली, व्हीएआर, म्हणजे रेफरीची व्हिडिओ तपासणी, बघता बघता माझा चहा गार झाला, आणि मग ती रद्द केली. साका ६५ व्या मिनिटाला गोल मारतो, मी उशीत तोंड खुपसून ओरडतो, आणि तोंड बाहेर काढेपर्यंत आमच्याच डिफेंडर सलिबाने बॉल व्हिनिसियसला जवळपास भेटच दिलेला, १-१. माद्रिदचा आमच्याविरुद्ध अधिकृत मॅचमधला पहिला गोल. म्हणजे ती ओळ डिलीट करूनही लागलीच. इंज्युरी टाइममध्ये आमचा मार्टिनेली एकटा धावत सुटला तेव्हा मी उभा नव्हतो, बसलेला पण नव्हतो, जे काय होतं ते गुडघ्यांना दोन दिवस जाणवलं. २-१. एकूण ५-१. सोळा वर्षांनी 'पुढचं ते'.

पावणेतीनला बाबा पाणी प्यायला उठले. "झाली का रेमोन्तादा?"

"नाही."

"मी सांगितलं होतं झोप."

ग्रुपवर त्या रात्री पहिल्यांदा माझं कौतुक झालं. पाच आकडा बरोबर आला, फक्त टीम चुकली, असं बदलापूरने लिहिलं. त्या कौतुकात मी जरा वाहवलो. पीएसजीच्या वेळी ॲडमिनने हुकूम काढायच्या आतच मी प्रिव्ह्यू टाकून दिलं, अगदी मनापासून, जे वाटत होतं तेच: पहिला लेग घरच्या मैदानावर, आरामात जिंकू.

चौथ्या मिनिटाला त्यांच्या डेम्बेलेने गोल मारला. पाचव्या मिनिटाला मी ग्रुपच्या बाहेर होतो.