चाळीस ट्यूबांचा हिशेब

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परवा मंदार तणतणतच आला. कुठल्याशा सरकारी कचेरीत दाखल्यासाठी गेला होता. "भर दुपारी सगळ्या ट्यूबा चालू, माणसं जेवायला गेलेली आणि पंखे रिकाम्या खुर्च्यांवर गरगर. आपल्या करातून चाललंय हे!"

"तुझं घर पाचशे फुटांच्या आतलं, तुला मालमत्ता कर माफ आहे," शिरीषने त्याला तिथेच कापला.

पशा सीए आहे, त्यामुळे त्याचा मोबाइल लगेच बाहेर. साधा छताचा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा ३० च्या आसपास. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे पंख्यामागे १३५ युनिट वाचली. युनिट १० रुपयांनी धर, साडेतेराशे झाले. पंखा तीन हजारांचा, सव्वादोन वर्षांत फिटला. "आणि खिशात पैसे नसले तरी अडत नाही. केंद्राची वीजबचतीची कंपनी ईईएसएल २००९ पासून आहे. स्वतः खर्च करायचा आणि बचतीतून वसूल करायचा, हाच तिचा धंदा. मग अडतंय कुठे?"

"बचतीत," तात्या म्हणाले.

तात्यांची हयात सरकारी इमारतींच्या वायरिंगमध्ये गेली. ते बोलायला लागले की पशासुद्धा गप्प बसतो.

"कागदावर हॉलमध्ये चाळीस ट्यूबा. जुन्या, चोकसकट पन्नास वॅटच्या. म्हणजे दोन हजार वॅट. पण पेटतात वीसच, बाकीच्या मेलेल्या. म्हणजे खरा वापर हजार. आता तू वीस वॅटच्या चाळीस एलईडी लावल्यास. त्या सगळ्या पेटणार, आठशे वॅट झाले. कंपनी म्हणणार बाराशे वाचले, त्याचे पैसे द्या. ऑडिटवाला म्हणणार, बिल तर दोनशेनेच उतरलंय, बाकी हजाराचं कुठून देऊ? दोघंही खोटं बोलत नाहीत. आणि फाइल तिथेच बसते."

"पण उजेड तर दुप्पट झाला ना?" मी विचारलं.

"उजेडाचा रकाना कुठे असतो बिलात?"

मला हे पटलं. इतकी वर्षं अंधारात बसून जी वीज 'वाचली', तिचाच भुर्दंड नव्या योजनेवर पडतो. हे कुठल्याही जाहिरातीत येणार नाही.

तात्यांनी जाता जाता बीएलडीसीलाही टोला हाणला. एकाच कंपनीचे पंखे हॉलभर लावले तर एकाने रिमोट दाबला की शेजाऱ्याचाही पंखा मंदावतो, मग भांडणं. तरी भिंतीवरच्या त्या जुन्या काळ्या रेग्युलेटरपेक्षा बरं, हेही त्यांनीच कबूल केलं. त्यात पंखा हळू केला तरी वीज डब्यातच तापून जायची, हात लावला तर चटका.

शिरीष आर्किटेक्ट. त्याला यंत्रांचा राग. "आधी कपाटं हलवा! महापालिकेचं मुख्यालय १८९३ चं. त्या काळच्या इमारती उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, कारण एसी नव्हताच. आपण अशा खिडक्यांना फायलींची गोदरेजची कपाटं लावतो आणि दुपारी बारा वाजता ट्यूब पेटवतो. वर गच्चीवर गळतीसाठी काळं डांबर, मग वरचा मजला भट्टी. टाइल्सच्या तुकड्यांच्या पांढऱ्या चायना मोझेकला काय झालं होतं?"

"फायली कुठे ठेवू, तुझ्या घरी?" तात्या.

माझं म्हणणं वेगळं होतं. दादरला माझ्या घरी बेस्टचं बिल फुगलं की बायको त्याच रात्री एसी चोवीसवर आणते. कचेरीत बटण दाबणाऱ्याच्या टेबलावर बिल येतच नाही, ते लेखा विभागात जातं. दर महिन्याचं बिल दारात लावा. पशाने त्यात भर घातली: वाचलेल्यातले निम्मे पैसे त्याच इमारतीच्या दुरुस्तीला द्या.

"मग एखादा हेडमास्तर मे महिन्यात पोरांचे पंखे बंद करून दुरुस्ती करून घेईल," तात्या म्हणाले. यावर पशाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मंदारने माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचं काढलं. दहा रुपयांच्या अर्जावर वर्षभराची बिलं मिळतील, सोबत बंद ट्यूबांची संख्याही मागू.

"बिलं मिळतील. मेलेल्या ट्यूबांची नोंद कुणी ठेवलेली नसते. त्या वर मान करून मोजाव्या लागतात," तात्या म्हणाले.

"मग चला, सोमवारी मोजू."

"सोमवारी माझं फायलिंग आहे," पशा म्हणाला.