सोयाच्या वड्या वेगळ्या, कॅप्सूल वेगळी

सोया आणि जवसात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे घटक असतात, म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी ते सरसकट बंद करावेत असं तुमच्या लेखात सांगितलंय, ते पटलं नाही. माझ्या आईला चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणारा. लेट्रोझोलची गोळी ती रोज रात्री घेते. पाळी गेल्यावर शरीरातल्या चरबीत अरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवत राहतं, ही गोळी त्यालाच अडवते.

सोयातला असा घटक म्हणजे जेनिस्टीन, ते प्रयोगशाळेत दोन्हीकडून वागतं. थोडं असलं की एमसीएफ-७ या कर्करोगपेशी वाढतात, भरपूर घातलं की वाढ थांबते. पण बशीतल्या पेशी म्हणजे जितीजागती बाई नव्हे! शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमीच दिसलं. अर्थात ते जेवणातलं सोया होतं.

आईनं धास्तीनं जवसाची चटणीसुद्धा सोडली, बरणी फडताळात खवट होऊन गेली. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, चटणी आणि वड्या खुशाल खा, आयसोफ्लेवोनची, म्हणजे जेनिस्टीनसारख्या सोयातल्या घटकांची, कॅप्सूल मात्र नको. उंदरांवरच्या प्रयोगात जेनिस्टीननं लेट्रोझोलचा परिणाम पुसून टाकला होता. लेखात एवढा फरक कृपया घालाच.