दाबून धरा

उजव्या पायाची पोटरी कालपासून दगड झालीये. त्याचं मला काही नाही, लावतोय बाम. पण त्या दहा रुपयांचं जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

माझी पिकअप २००९ची. सिंहगड रोडला नर्सरी आहे, त्यामुळे माती, शेणखत, कुंड्या, एकदा तर कुणाचं तरी अख्खं चाफ्याचं झाड, सगळं तिनं मुकाट वाहिलंय. गेल्या महिन्यात खेड शिवापूरला रोपं टाकून परत येत होतो. नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तो बदनाम उतार, पुढे गाड्यांची रांग, मी ब्रेकवर पाय ठेवून उभा. आणि पॅडल हळूहळू खाली जायला लागलं, जड माणूस जुन्या सोफ्यात रुततो ना, तसं. पुढे हार घातलेली कोरी कार. हँडब्रेक ओढला, तीन-चार पंप मारले, पॅडल परत वर आलं. त्या कारच्या नंबरप्लेटवरचं कुंकूसुद्धा ओलं होतं हो.

मग गॅरेजच्या वाऱ्या. आमच्या मिस्त्रींची पद्धत अशी, की आधी बदलायचं आणि मग विचार करायचा. पहिल्या वारीत मागचे लायनर बदलले. दुसऱ्या वारीत व्हील सिलेंडरना किट टाकले. तिसऱ्यांदा पुढचे पॅड. दर वेळी "आता बघा, लोण्यासारखा लागेल", आणि दर वेळी दोन दिवसांनी सिग्नलला उभं राहिलं की पॅडल आपलं निघालं पाताळात. दुखणं घशाला आणि मालिश तळपायाला.

काल चौथी वारी. "ब्रेकच्या नळीत एअर असणार," मिस्त्री म्हणाले. एअर काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, निपलला पाना लावून. दुसरा वर, पॅडलवर. वरचा माणूस म्हणजे गॅरेजचा पोरगा, तो जत्रेला गावी गेलेला. "दादा, बसा जरा वर." दादा हा शब्द पुण्यात रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणालाही लागतो, त्यामुळे त्यात माझा फार मान होता अशातला भाग नाही.

काम सोपं वाटतं. खालून आवाज येतो, "दाबा... दाबा... धरा!" आपण धरायचं. तो निपल सैल करतो, तेल नळीतून बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत उतरतं, आपला पाय तळाला जातो. तो निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललात तर तीच हवा परत आत. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं. मी त्या चाकाला असताना बायकोचा फोन आला, मी दचकलो, पाय उचलला. खालून जो शब्द आला तो इथे लिहीत नाही.

आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला, "लय चुकतेय तुझी."

गॅरेजात गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची आहे, तिचा एक पाय सुतळीनं बांधलेला. तिच्यावर एक आजोबा. लेंगा, सदरा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. स्कूटरची क्लचवायर टाकायला आलेले. मला वाटलं, फोनवर बोलतायत.

"तुलाच म्हणतोय. दाबा, दाबा, धरा. तीन मात्रा झाल्या. तू अडीचला सोडतोस."

"काका, हा ब्रेक आहे."

"असेल. पाय तोच आहे ना?"

मग कळलं. आयुष्यभर नाटक कंपन्यांबरोबर ऑर्गन वाजवला होता त्यांनी. गावोगावी. हातांनी सूर, पायांनी भाता, आणि नजर नायिकेच्या तोंडाकडे, कारण ती कुठल्या क्षणी तान घेईल याचा भरवसा नाही. "चार तास पाय हलत असायचे माझे. तू दहा मिनिटांत कण्हतोयस."

मी म्हटलं, "काका, तुमच्याकडे हवा भरायची. इथे काढायची असते."

ही माझी चूक झाली. ते खुर्चीवरून निम्मे उठले. "भरायची? कोण म्हणालं भरायची? हातपेटीचा भाता हवा ढकलतो. माझा ऑर्गन हवा ओढायचा. ओढायचा! सुराच्या पट्टीतून आत. एवढं कळत नाही त्यानं पॅडलला पाय लावू नये."

गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला, "बरोबर बोलतायत काका. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टरपण व्हॅक्यूमवरच चालतो, म्हणजे हवा ओढूनच." म्हणजे माझ्याच गाडीखाली झोपून, माझ्याच पैशांनी, माझ्याविरुद्ध मत.

"गाडी कुणाची आहे रे?" आजोबांनी विचारलं.

"माझी."

"हॅ. मालक लोक खुर्चीत बसतात."

खुर्चीत ते स्वतः बसले होते हे मी बोलून दाखवलं नाही. मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, पुढची दोन्ही झाली. बाटलीत बुडबुडा म्हणून नाही. मी पाय ठेवला, आणि पॅडल गेलं खाली.

आजोबा बघत होते. "तेल कुठे गळतंय का?"

"नाही," मिस्त्री.

"वरच्या तेलाच्या डबीतलं कमी होतंय?"

"नाही."

"मग पाय खाली जातोच कसा?"

मिस्त्री गप्प. बाहेर फक्त पीएमटीचा हॉर्न.

"सांगलीला माझं असंच झालं होतं," आजोबा म्हणाले. "भात्याला नवं चामडं, नवा सरस, बाहेरून बघशील तर नवरीसारखा. पण पाय दाबला की सूर बसायचा. आतली झडप गेलेली. बाहेर काही दिसत नाही, आतल्या आत परत जातं."

मिस्त्री बाहेर आले. हात पुसले. मला इंजिन चालू करून पॅडल हलकं दाबून धरायला सांगितलं, बॉनेट उघडून डबीत बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मास्टर सिलेंडर. मी पहिल्या दिवशीच म्हणणार होतो."

म्हणणार होतो! मास्टर सिलेंडरच्या आत रबरी कप असतो. तो झिजला की तेल चाकांकडे जायचं सोडून त्याच्या कडेनं मागे निसटतं, परत डबीत. जमिनीवर थेंब नाही, डबीची पातळी तीच, म्हणून महिनाभर सगळे चाकांत तोंड घालून बसले. माझे साडेसहा हजार गेले. काढलेले लायनर मी पाहिलेत, अजून वर्षभर सहज चालले असते. पण लायनर दिसतो, त्यावर बोट ठेवून "हे बघा" म्हणता येतं. कप दिसत नाही, म्हणून त्याचा नंबर शेवटी. हे फक्त गाड्यांचंच आहे असं नाही, पण जाऊ दे, मिस्त्रींकडे अजून गाडी ठेवायची आहे.

मग माझीच बाईक काढून मी नाना पेठेत. तिथल्या गल्लीत पार्ट मिळतो, बाईक लावायला जागा मिळत नाही. परत आलो तर मिस्त्रींनी फळीवरून ब्रेक ऑइलची अर्धी बाटली काढली, बुचाच्या जागी चिंधी कोंबलेली. इथे मात्र मी अडलो. नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही. खरं तेल घातलं तर आतली रबरं फुगतात. आणि हे उघडं राहिलं की हवेतलं पाणी पितं. डॉट थ्री या प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं बरंच आधी उकळतं, मग नळीत वाफ, आणि वाफ दाबली तर दबते. घाटात कळतं हे. "कंपनीची आहे दादा," मिस्त्री म्हणाले. चिंधीपण कंपनीची होती का, असं विचारणार होतो. सीलबंद बाटली आणली, स्वतःच्या खर्चानं.

पुन्हा चारही चाकं. आजोबांची स्कूटर तासाभरापूर्वीच झाली होती, पण "शेवट ऐकून जातो" म्हणून ते थांबले, आणि मांडीवर ताल देत राहिले. कोथिंबीर पार मान टाकून बसली. मी तीन मात्रा मोजत होतो, काय करणार. शेवटच्या चाकाला पॅडल अर्ध्यावर येऊन थांबलं आणि तिथून हलेना. मिनिटभर धरलं, तरी हलेना.

"लागला," आजोबा म्हणाले. उठले, पिशवी खांद्याला लावली, गाडीच्या खिडकीशी आले आणि माझ्या तळहातावर दहाची नोट ठेवली. "चहा घे. पाय बरा आहे तुझा. मालकाला सांग, पगार वाढव म्हणावं."

मी काहीच बोललो नाही. नोट घेतली.

बिलात मजुरी पूर्ण लावलेली. मी म्हटलं, "अहो, पॅडल मी मारलं ना दोन तास?"

"त्याचे तुम्हाला काकांनी दिले की," मिस्त्री म्हणाले आणि काउंटरवरचा पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. "ते यात टाका दादा. टिपेचे पोराला असतात."